बाराव्या आठवड्यानंतर काय? सामूहिक व्यायामवर्गातल्या एका कॅन्सररुग्णाचे प्रकरण

डॉक्टरांनी दिलेल्या पाठवणीच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती : ‘व्यायामास हरकत नाही.’ खाली सही आणि शिक्का. कॅन्सर झालेल्यांसाठी सामूहिक व्यायामवर्ग चालवणाऱ्या बहुतेकांना ही ओळ ओळखीची असेल. लिहिणाऱ्याच्या मनात सद्भाव असतो, पण वर्ग घेणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. कोणती औषधे झाली, हाडांत आजार आहे का, हृदयाची तपासणी झाली का, पोटावरचा टाका किती जुना, छातीत पोर्ट (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) आहे का, यातले काहीही या ओळीत नाही.

आधी एक खुलासा. हे प्रकरण कुणा एका माणसाचे नाही. अशा वर्गांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका रुग्णाभोवती गोळा केल्या आहेत आणि त्याच्या चाचण्यांचे आकडे उदाहरणादाखल आहेत. संशोधनाचे आकडे मात्र प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतले आहेत.

रुग्ण

वय ६१, निवृत्त. वर्गात सगळे त्यांना ‘काका’ म्हणत, इथेही तेच नाव ठेवतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी अवस्था. म्हणजे आजार जवळच्या लसीका ग्रंथींपर्यंत पोचलेला, दूरच्या अवयवांत पसरलेला नाही. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, मग केमो. केमोत ऑक्सालिप्लाटिन हे नसांना त्रास देणारे औषध होते. शेवटचा डोस घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

तक्रारी दोन. पहिली, थकवा. “रात्रभर झोपतो, सकाळी उठतो तो थकलेलाच.” दुसरी, तळपायांना मुंग्या आणि बोटांना बधिरपणा. केमो संपल्यावर हा त्रास कमी होईल असे त्यांनी धरले होते, पण तो उलट वाढला. ऑक्सालिप्लाटिनच्या बाबतीत हे नेहमी घडते. औषध थांबल्यावरही दोन-तीन महिने नसांचा त्रास चढत राहू शकतो. हे त्यांना कुणी सांगितले असेलही, पण केमोच्या धबडग्यात ते लक्षात राहिले नव्हते. त्यांनी मनाशी वेगळाच अर्थ लावला होता : आजार परत आला.

घरच्यांचा सल्ला एकमुखी होता : आता फक्त आराम. प्रेमापोटी दिलेला सल्ला, आणि काही दशकांपूर्वी डॉक्टरही हेच सांगत. पण कॅन्सरचा थकवा विश्रांतीने भरून निघत नाही. पडून राहिले की स्नायू झडतात, स्नायू झडले की तेच काम जड जाते, आणि जड गेले की माणूस पुन्हा पडून राहतो. २०१७ मध्ये ११३ अभ्यास आणि साडेअकरा हजारांच्या आसपास रुग्ण एकत्र करून केलेल्या विश्लेषणात या थकव्यावर व्यायाम आणि मानसोपचार औषधांपेक्षा सरस ठरले. काकांना हा आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, “पण मला जिना चढवत नाही, व्यायाम कुठला करणार?” प्रश्न अगदी रास्त होता.

पहिला दिवस

वर्गाच्या प्रशिक्षिका फिजिओथेरपिस्ट होत्या आणि कॅन्सरच्या रुग्णांसोबत काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण त्यांनी घेतले होते. चिठ्ठी बघून त्यांनी आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे फोन लावला. औषधांची नावे, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट, पोर्टची बाजू आणि पोटावर ताण किती चालेल, एवढे विचारून घेतले. दहा मिनिटांचे काम. अनेक ठिकाणी ते होत नाही, कारण ते कुणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेले नसते.

मग मोजमाप. सहा मिनिटांत काका ३८० मीटर चालले. हात छातीशी धरून खुर्चीतून उठ-बस ३० सेकंदांत ९ वेळा झाली. त्यांच्या वयाच्या पुरुषात १४ पेक्षा कमी म्हणजे सरासरीखाली. एका पायावर उभे राहणे जेमतेम काही क्षण.

सगळ्यात उपयोगी निरीक्षण मात्र कुठल्याच चाचणीच्या तक्त्यात बसणारे नव्हते. चालताना काकांची डाव्या पायातली चप्पल निसटली आणि त्यांना ते कळलेच नाही. तीन-चार पावले ते तसेच चालले. प्रशिक्षिकेने तिथल्या तिथे दोन गोष्टी ठरवल्या : ट्रेडमिल नाही आणि चप्पल नाही. ज्याला पायाखालची जमीन जाणवत नाही त्याला सरकत्या पट्ट्यावर चढवणे म्हणजे पडण्याला आमंत्रण. त्याऐवजी पावलाला पट्टा असलेली बसती सायकल, भिंतीच्या कडेने चालणे आणि मागे बंद असलेले बूट. शिवाय रोज रात्री तळपाय डोळ्यांनी बघायचे, कारण बधिर पायाला फोड आलेला समजत नाही.

वर्ग कसा चालायचा

बारा आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी सव्वा तास. हा साचा नवा नाही. अमेरिकेत वायएमसीए (व्यायामशाळा चालवणारी सामाजिक संस्था) आणि लिव्हस्ट्राँग (कॅन्सरग्रस्तांसाठीची संस्था) यांनी मिळून चालवलेला कार्यक्रम असाच बारा आठवड्यांचा, छोट्या गटांचा आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातला कार्यक्रमही आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे असाच बांधलेला. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने २०१८ मध्ये तज्ज्ञ जमले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या. सार असे : आठवड्यातून तीनदा निदान ३० मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम, आणि दोनदा ताकदीचा व्यायाम. थकवा, चिंता, नैराश्य आणि रोजची कामे करण्याची क्षमता यांवर याचा परिणाम होतो, याचा पुरावा त्यांना भक्कम वाटला.

काकांना पहिल्या दिवशी ३० मिनिटे झेपणारी नव्हतीच. सुरुवात पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांनी झाली. मध्यम दम म्हणजे किती, यासाठी घड्याळ किंवा यंत्र लागत नाही : बोलता आले पाहिजे, गाता येऊ नये. ताकदीसाठी खुर्चीतून उठणे, भिंतीला टेकून दंड, रबरी पट्टा, हलकी वजने. पोटावर शस्त्रक्रिया झालेली असल्याने एक नियम कडक होता : जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. टाक्याच्या जागी हर्निया होऊ नये म्हणून उचलायचे वजनही अगदी हळूहळू वाढवायचे.

गटात आणखी काही जण होते. त्यांतल्या एकीच्या हातावर स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर सूज होती आणि दाब देणारी बाही घालून ती यायची. तिला कुणीतरी ‘जन्मभर या हाताने जड उचलायचे नाही’ असे सांगितले होते. हा समज फार वर्षे चालला. १९९६ मध्ये कॅनडात डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोट (अनेकांनी मिळून वल्हवायची लांब होडी) वल्हवायला बसवले ते हा समज तपासायलाच. पुढे २००९ मध्ये कॅथरीन श्मिट्झ यांच्या अभ्यासात हाताला सूज असलेल्या १४१ बायकांपैकी निम्म्यांनी वर्षभर वजने उचलली. सूज वाढली नाहीच, उलट त्रास उसळण्याचे प्रसंग कमी झाले. मला त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. तो प्रयोगशाळेत नव्हे, तर लोकांच्या नेहमीच्या व्यायामशाळांत झाला आणि पहिले १३ आठवडे शिकवायला माणूस उभा होता.

दुसऱ्या एका बाईंचा आजार मणक्यात पसरलेला होता. त्यांना कंबरेतून वाकणे आणि पिळणे पूर्ण बंद, बाकी बरेच काही सुरू. एकाच सभागृहात, एकाच वेळी, प्रत्येकाची व्यायामाची पत्रिका वेगळी. हे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात एका प्रशिक्षिकेला आठ-दहा माणसांच्या पुढे हे सांभाळता येत नाही, आणि गट मोठा करून खर्च वाचवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

दर वर्गाआधी एक छोटा तक्ता भरायचा : आजचा थकवा शून्य ते दहा, नवीन दुखणे, ताप, धाप, चक्कर, सूज. काकांना तो कंटाळवाणा वाटे. “रोज तेच काय विचारता?” थकवा सात-आठ असला की त्या दिवशीचा व्यायाम निम्मा, पण सुट्टी नाही. वाईट दिवशी कमी करायचे पण यायचे, एवढी एकच शिस्त होती.

पाचवा आठवडा

काकांनी तक्त्यात ‘सूज’समोर खूण केली आणि पुढे लिहिले : उजवी पोटरी, स्नायू भरला आहे.

“काका, आज व्यायाम नाही,” प्रशिक्षिका म्हणाल्या.

“अहो ताई, परवा उठ-बस जास्त झाली, त्यानं भरलाय. जरा चाललो की सुटेल.”

“दोन्ही पाय भरले असते तर मीही तेच म्हटलं असतं.”

त्यांनी टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजल्या. उजवी तीन सेंटिमीटरहून जास्त जाड. दाबल्यावर दुखत होती, हाताला गरम लागत होती. काकांना बसवून ठेवले, मालिश करायची नाही असे बजावले, घरी फोन केला आणि काकांना तिथूनच रुग्णालयात पाठवले. डॉपलर सोनोग्राफीत पायाच्या खोल शिरेत गुठळी निघाली.

कॅन्सर आणि केमो, दोन्हींमुळे रक्त गोठण्याची शक्यता वाढते. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. व्यायाम सुरू केलेल्या माणसाच्या बाबतीत घोळ असा, की दुखण्याला एक सोयीचे कारण आयते मिळते. पाय दुखला? व्यायामानेच दुखणार. धाप लागली? दम कमी आहे. काकांनी हेच केले, आणि घरी एकटे व्हिडिओ बघून व्यायाम करत असते तर ‘चालून सुटेल’ म्हणत ते चालतही राहिले असते. बारा आठवड्यांतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय व्यायाम न देण्याचा होता. तो घेता आला कारण कंटाळवाणा तक्ता होता, आणि तो वाचून अर्थ लावणारी व्यक्ती समोर उभी होती.

रक्त पातळ करणारे औषध सुरू झाले. गुठळीनंतर अंथरुणाला खिळून राहावे असा समज अजून सर्रास आहे. औषधोपचार नीट सुरू झाल्यावर बहुतेकांना लवकर चालायला लावतात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर काका परतले, पण पत्रिका बदलली. बधिर पाय आणि पातळ रक्त ही जोडी वाईट. पडले आणि डोक्याला लागले तर रक्तस्राव थांबणे अवघड. म्हणून तोलाचे सगळे व्यायाम पक्क्या कठड्याशेजारी, एक हात कायम आधारापाशी आणि शेजारी माणूस. तोल सुधारायचा तर तो थोडा ढळावाच लागतो, त्यामुळे हे व्यायाम बंद करणे हा उपाय नव्हता. आणखी एक बदल : या वेळी डॉक्टरांची चिठ्ठी पानभर आली.

रिकामी झालेली जागा

नवव्या आठवड्यात मणक्याचा आजार असलेल्या बाई यायच्या थांबल्या. आजार वाढला होता. त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने प्रशिक्षिकेने गटाला तेवढेच सांगितले. नंतरच्या वर्गाला काका आले नाहीत.

अशा वर्गांच्या माहितीपत्रकांवर हसरे चेहरे आणि रंगीत डंबेल्स असतात. कॅन्सरसोबत जगणाऱ्यांच्या गटात कधी ना कधी कुणाची प्रकृती ढासळणार, कुणी जाणार, याचा उल्लेख त्यांत नसतो. तो माहितीपत्रकात नसला तरी चालेल, पण वर्ग चालवणाऱ्यांच्या तयारीत तो असायलाच हवा. कोण सांगणार, किती सांगणार, त्या दिवशी वर्ग घ्यायचा की नाही.

फोनवर काका म्हणाले, “त्या माझ्यापेक्षा नियमित होत्या. मग उपयोग काय?”

याचे प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावे लागते, आणि ते दोन्ही भाग मिसळले की घोटाळा होतो. त्या बाईंच्या व्यायामाचा हेतू आजार रोखण्याचा नव्हताच. स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता यावे, खुर्चीतून उठता यावे, थकवा सुसह्य व्हावा, यासाठी तो होता, आणि त्या महिन्यांत तो हेतू साधला होता. आजार वाढला म्हणजे त्यांनी व्यायाम कमी केला असा अर्थ कुणीही काढू नये. असा दोष रुग्णाच्या माथी मारणारे लोक भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

काकांच्या आजाराबाबत मात्र आता वेगळे काही सांगता येते. २००९ मध्ये सुरू झालेला आणि २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेला ‘चॅलेंज’ अभ्यास नेमका अशाच रुग्णांवर झाला : मोठ्या आतड्याचा कॅन्सर, शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण. ५५ केंद्रे, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली, ८८९ रुग्ण. निम्म्यांना तीन वर्षांचा आखीव व्यायाम कार्यक्रम, निम्म्यांना आरोग्याच्या माहितीचे साहित्य. पाच वर्षांनी आजार न उलटता जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण व्यायाम गटात ८०.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ७३.९ टक्के. आठ वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ९०.३ आणि ८३.२ टक्के. फुकट काही मिळत नाही : स्नायू आणि सांध्यांच्या तक्रारी व्यायाम गटात जास्त होत्या, १८.५ टक्के विरुद्ध ११.५.

हे आकडे ऐकून काका पुढच्या वर्गाला आले. आकड्यांमुळे आले की कुणीतरी फोन केला म्हणून, हे मला ठरवता येत नाही. माझा कौल फोनला आहे.

तेरावा आठवडा

बाराव्या आठवड्याच्या मोजमापात सहा मिनिटांचे अंतर ४५५ मीटर, उठ-बस १४. थकव्याचा आकडा सातवरून चारपर्यंत उतरलेला. बोटांचा बधिरपणा होता तसाच. व्यायामाने चालणे सुरक्षित झाले होते, नस पूर्ववत झाली नव्हती. प्रमाणपत्रे, फोटो. कार्यक्रमाच्या अहवालात काका यशस्वी म्हणून नोंदले गेले.

दीड महिन्याने फोन केला तेव्हा त्यांचे चालणे जवळपास थांबले होते. आळस म्हणून हे सोडून देता येत नाही. सभागृहात कठडा होता, ताई होत्या, कुणीतरी तक्ता बघत होते. बाहेर खड्डे होते आणि पडलो तर काय ही भीती. शिवाय ‘आज किती चाललात’ असे विचारणारे कुणी उरले नव्हते.

इथे चॅलेंज अभ्यासाकडे पुन्हा बघितले पाहिजे, कारण बातम्यांत त्याचा मथळा ‘व्यायाम औषधासारखा’ असा झाला आणि खरी मेख बाजूला राहिली. व्यायाम चांगला असतो हे दोन्ही गटांना सांगितले होते. दुसऱ्या गटालाही व्यायाम आणि आहाराची माहिती मिळाली होती. फरक होता तो माणसाचा. व्यायाम गटातल्या रुग्णाला पहिले वर्षभर दर पंधरवड्याला एक सल्लागार भेटत होता, अडचणी विचारत होता, उद्दिष्ट बदलून देत होता, आणि पुढची दोन वर्षे दर महिन्याला. पहिल्या सहा महिन्यांत डोळ्यांसमोर करून घेतलेला व्यायामही त्यात होता. तीन वर्षांची ही सोबत काढून टाकून बारा आठवड्यांचा वर्ग ठेवायचा आणि परिणाम त्या अभ्यासातला अपेक्षायचा, हा हिशेब जुळत नाही.

सामूहिक कार्यक्रमांची बांधणीच यात आडवी येते. निधी वर्गासाठी मिळतो, वर्गात किती जण आले त्यावर पुढचा निधी ठरतो. फोन करणे, चिठ्ठीमागे लागणे, वर्ग संपलेल्या रुग्णांची चौकशी करणे या कामाला रकानाच नसतो. माझे मत स्पष्ट आहे. बाराव्या आठवड्याची हजेरी मोजण्याऐवजी सहाव्या महिन्यात किती जण हलते आहेत ते मोजावे. आकडे सुरुवातीला लाज आणणारे निघतील, पण कुठे गळती आहे ते तरी दिसेल.

काकांसाठी जे केले ते साधे होते. आधीच्या तुकड्यांतल्या लोकांचा एक चालण्याचा गट बनवला. सपाट रस्ता, मध्ये बसायला जागा, आणि ‘आज थांबा’ म्हणावे अशी लक्षणे शिकवलेले दोन स्वयंसेवक. ते स्वतः याच आजारातून गेलेले. दर पंधरा दिवसांनी एक फोन. दर तीन महिन्यांनी प्रशिक्षिकेकडून मोजमाप.

वर्षभरानंतर

काका आठवड्यातून चार दिवस गटासोबत चालतात. रक्त पातळ करणारे औषध डॉक्टरांनी थांबवले आहे. पोर्ट काढला. पायाची बोटे अजून बधिर आहेत आणि रात्री तळपाय बघण्याची सवय टिकली आहे. सहा मिनिटांचे अंतर ४७० मीटर.

उठ-बस मात्र १४ वरून १२ वर घसरली. चालण्याने दम टिकतो, मांडीची ताकद तेवढ्याने टिकत नाही, आणि चालण्याच्या गटात वजने नाहीत. हे त्रैमासिक मोजमापामुळेच कळले, कारण काकांना स्वतःला काहीच फरक जाणवत नव्हता. आता महिन्यातून दोनदा जुन्या लोकांना ताकदीच्या वर्गात बसू द्यायचे ठरले आहे. बाकीच्या दिवशी घरी खुर्ची आणि रबरी पट्टा. काकांनी पट्टा नेला आहे आणि तो वापरतात की नाही हे पुढच्या फोनवर विचारायचे आहे.